ऑस्कर माशाला मोठी जखम झालीय, खवले निघालेत आणि वर पांढरं आलंय, काय करू? (कोल्हापूर)

मंगळवारपेठकरीण

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

आमच्याकडं एक टायगर ऑस्कर आहे, वाघ्या नाव त्याचं, नऊ-दहा इंचाचा असेल. टँक ४ फूट बाय दीड बाय दीड, कॅनिस्टर फिल्टर, हीटर, खाली बारीक वाळू आणि दोन मोठे दगड, झाडं नाहीत कारण तो एकही टिकू देत नाही. टँकमध्ये तो एकटाच असतो. आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तो रुपयाएवढा असताना आणलेला, आता आप्पा रात्री दुकान बंद करून आले की काचेला तोंड लावून उभा राहतो आणि त्यांच्याच हातनं खातो, मी दिलं तर बघतो आणि वळून जातो. त्यामुळं सध्या घरात आप्पांचंच जेवणावरनं लक्ष उडालंय, रात्री उठून टॉर्च मारून बघत बसतात.

झालं असं की परवाच्या वादळात रात्री लाइट गेली, बऱ्याच तासांनी पहाटे आली, आणि टँकचा लाइट एकदम लागल्याबरोबर वाघ्या असा उधळला की धाडकन आवाज आला, दगडावर आपटला का हीटरवर ते कळलं नाही. बघितलं तर डाव्या बाजूला कल्ल्याच्या मागं दोन बोटं रुंद पट्टा खरवडून निघालाय, खवले खाली वाळूवर पडलेले, आतलं मांस लालसर दिसतंय आणि त्याच बाजूचा डोळा धुरकट झालाय. आज त्या जखमेवर पांढरं काहीतरी आलंय. खाईना झालाय, कोपऱ्यात तळाला बसून असतो, श्वास जरा जोरात चाललाय.

दुकानात फोटो दाखवला तर त्यांनी निळ्या औषधाची बाटली आणि पिवळ्या पावडरची पुडी दिली, दोन्ही एकदम टाका आणि हीटर ३२ वर करा म्हणाले. पुडीवर काहीच लिहिलेलं नाही. आई म्हणते हळद लाव. मी अजून काहीच टाकलेलं नाही, कारण पूर्वी शेजाऱ्यांच्या गोल्डफिशला असंच तीन औषधं एकदम टाकलेली आणि ते सकाळपर्यंत राहिले नाहीत.

नळाचं पाणी सध्या गढूळ येतंय म्हणून अर्धं बोअरचं वापरतोय. त्याला टबात वेगळा काढू का? मीठ टाकू का, टाकलं तर किती? कृपया ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी सांगा.

नादखुळा_सिक्लिड

टेन्शन घेऊ नका ताई, ऑस्कर लई टणक मासा हाय. मिथिलीन ब्लू टाका, हीटर ३२, मीठ दोन मुठी. माझ्या फ्लॉवरहॉर्नला असंच केलेलं, आठवड्यात फिट.

जुना_टँकवाला

ताई, तुम्ही थांबलात आणि विचारलंत हे फार चांगलं केलंत. पुडी बाजूला ठेवा, बाटली पण सध्या उघडू नका.

वरच्या मित्राचं फ्लॉवरहॉर्नबद्दलचं खरं असेल पण ३२ डिग्री इथं नको. पाणी तापवायचं ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, कारण त्या किड्याचं चक्र गरम पाण्यात भराभर संपतं. उघड्या जखमेवर जे बॅक्टेरिया बसतात ते उलट उबदार पाण्यात जोमानं वाढतात. शिवाय पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागं साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, ३२ ला सव्वासातच्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला तर ऑक्सिजन जास्त लागतो. तुमचा आधीच जोरात श्वास घेतोय. हीटर २६ वर ठेवा आणि एअर पंप असेल तर एक जादा दगड सोडा, म्हणजे पंपाच्या नळीला लावतात तो बुडबुडे सोडणारा हवेचा दगड हां.

आता ते पांढरं नक्की कसं आहे ते नीट बघा, सगळा निर्णय त्याच्यावर आहे. टँकचा लाइट बंद ठेवून बाजूनं मोबाइलचा उजेड टाका. जखमेवर पातळ, राखाडी, दुधाळ पडदा असेल आणि तो पाण्यात हलत नसेल तर ती जखम भरायला लागलीय. माशाला आपल्यासारखी खपली धरत नाही, आजूबाजूची कातडी सरकत येऊन काही तासांत पातळ थर पांघरते आणि वर चिकट बुळबुळीत द्रव येतो, तोच पांढुरका दिसतो. लोक नेमके यालाच बुरशी समजून औषधं ओततात. कापसासारखे बारीक धागे बाहेर आलेले असतील, पाण्यात डुलत असतील तर ती बुरशी, ती मेलेल्या मांसावर येते आणि हळू पसरते. आणि तिसरं म्हणजे चपटा पिवळसर पांढरा डाग, कडेनं लाल रेघ, सकाळी एवढा होता आणि संध्याकाळी तेवढा झाला असं, तो बॅक्टेरियाचा प्रकार, त्यात मात्र वेळ घालवायचा नाही.

मीठ घाला, ते या सगळ्यात उपयोगाचं आहे. का ते सांगतो म्हणजे आप्पांना पण पटेल. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाएवढा खारेपणा असतो आणि बाहेरच्या पाण्यात जवळपास काहीच नाही, त्यामुळं बाहेरचं पाणी कल्ल्यातनं आणि कातडीतनं सारखं आत घुसत असतं आणि मासा रात्रंदिवस मूत्रपिंडातनं ते बाहेर उपसत असतो. कातडी आणि खवले म्हणजे होडीचं लाकूड समजा, तुमच्या वाघ्याच्या होडीला भोक पडलंय, पाणी जास्त यायलंय आणि आतलं मीठ बाहेर चाललंय. बाहेरचं पाणी थोडं खारं केलं की तेवढा उपसा कमी होतो आणि वाचलेली ताकद जखम भरायला जाते. मीठ जखम भरत नाही, माशाला भरायला सवड देतं.

किती ते: तुमचा टँक काठोकाठ भरला तर २५० लिटरचा होतो, वरचे दोन-तीन इंच रिकामे, वाळू आणि दगड वजा केले तर २०० लिटर पाणी धरा. खडेमीठ २०० ग्रॅम काट्यावर मोजून, मूठ-चमचा नाही, बादलीभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, हळूहळू फिल्टरच्या धारेपाशी ओता. उद्या परत २०० ग्रॅम. म्हणजे लिटरला २ ग्रॅम झालं, त्याच्यावर जाऊ नका. साधं पाकिटातलं आयोडीनचं मीठ असलं तरी त्यानं मासा मरत नाही, पण खडेमीठ किराणा दुकानात मिळतंय की, तेच घ्या.

आणि हे नीट लक्षात ठेवा, मीठ उडून जात नाही. पाणी वाफ होऊन कमी झालं तर साधं पाणी भरायचं. ५० लिटर काढून ५० भरलं तर त्या ५० पुरतंच म्हणजे १०० ग्रॅम घालायचं. बरेच जण दर वेळी पूर्ण टँकचं मीठ घालत जातात.

टबात काढायची गरज नाही. तो एकटाच आहे, झाडं नाहीत, त्याला पकडताना जाळीत परत खवले निघतील. हळद पाण्यात टाकू नका, जखमेवर थांबत नाही, बारीक कण कल्ल्यात जाऊन चुरचुरतात. आईंना सांगा त्यांची माया पोचली.

मंगळवारपेठकरीण

दादा खूप खूप आभार, कुणीतरी कारणासकट सांगितलं. उजेड टाकून बघितलं. बहुतेक भाग दुधाळ पडदाच आहे, हलत नाही. पण खालच्या कडेला जिथं एक खवला अर्धवट लोंबतोय तिथं करंगळीच्या नखाएवढे धागे आहेत, ते डुलतात. लाल रेघ दिसत नाही. मीठ मोजून घातलं आता. आप्पांनी स्वतः काट्यावर मोजलं.

तो लोंबणारा खवला ओढून काढू का? आणि डोळ्याचं काय?

रत्नागिरी_रिटर्न

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातनं शिकलोय, सध्या गोकुळ शिरगावला नोकरी पण घरी पाच टँक आहेत. वरचा सल्ला बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

खवला ओढू नका, तो आपोआप गळेल. खवले परत येतात, रंग थोडा वेगळा दिसेल एवढंच. डोळा एकच धुरकट आहे आणि तो पण माराच्याच बाजूचा, म्हणजे तो मारच आहे. दोन्ही डोळे एकदम धुरकट झाले असते तर आधी पाण्यावर संशय घेतला असता. वेगळं औषध नको, पाणी चांगलं ठेवलं की काही आठवड्यांत साफ होतं. डोळा बाहेर यायला लागला तर मात्र लगेच लिहा.

तुम्ही लिहिलंय की लाइट बरेच तास नव्हती, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. कॅनिस्टर बंद डबा असतो, आत पाणी फिरायचं थांबलं की मीडियावर, म्हणजे आतल्या स्पंज-खड्यांवर बसलेले चांगले बॅक्टेरिया, जे माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवतात, ते आतला ऑक्सिजन संपवतात आणि मग मरायला लागतात. लाइट आल्यावर तेच घाण पाणी टँकमध्ये येतं आणि पुढचे काही दिवस अमोनिया वाढत जातो. तळाला बसणं, जोरात श्वास घेणं, न खाणं हे सगळं अमोनियानं पण होतं, नुसत्या जखमेनंच असं नाही. त्यामुळं थेंबांचं अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आजच आणा, औषधांच्या आधी ते. दोन्ही शून्य पाहिजे.

आणि बोअरचं पाणी वापरताय तर त्याचा पीएच पण बघा. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो, तेवढाच अमोनिया ७ पीएचच्या पाण्यात जेवढा त्रास देईल त्याच्या जवळपास दहापट ८ पीएचच्या पाण्यात देतो. नायट्राइट वाढलं असेल तर मिठाचा इथं दुसरा फायदा आहे, मिठातलं क्लोराइड कल्ल्यातनं नायट्राइटला आत जाऊ देत नाही.

पिवळ्या पुडीबद्दल स्पष्ट सांगतो. नाव नाही, प्रमाण नाही, तारीख नाही, ती टाकू नका. अशा पिवळ्या पुड्यांत कधीकधी टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या जातीचं काहीतरी असतं आणि ते जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं, माशाच्या अंगात फारसं जातच नाही. फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मात्र मारू शकतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळं आतल्या इन्फेक्शनला अँटिबायोटिक खाण्यातनं द्यावं लागतं, आणि ते कुठलं आणि किती हे पशुवैद्यकांनी ठरवायचं. कधी लागेल? डागाला लाल कड येऊन रोज पसरला, खवले सगळे उभे राहिले, पोट फुगलं, तर. आत्ता यातलं काही नाही.

मिथिलीन ब्लू बुरशीवर काम करतं हे खरंय पण मेन टँकमध्ये टाकलं तर फिल्टरचे बॅक्टेरिया जातात आणि टँकचा सिलिकॉन निळा होतो तो कायमचा. एवढ्याशा धाग्यांना मीठ आणि स्वच्छ पाणी पुरेल. वाढलेच तर टबात घेऊन करू, तेव्हा सांगतो कसं.

नादखुळा_सिक्लिड

सर, बिटाडीन लावलं तर? युट्यूबवर बरेच जण मासा टॉवेलवर घेऊन कापसानं लावतात.

रत्नागिरी_रिटर्न

लावतात, आणि पाठीवर किंवा शेपटीजवळ जखम असेल, बुरशी पसरत असेल तर मी पण लावलंय. दोन माणसं पाहिजेत, टॉवेल ओला, हात ओले, डोळ्यावर ओलं फडकं, सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं. पण ताईंच्या माशाची जखम कल्ल्याच्या अगदी मागं आहे, एक थेंब कल्ल्यात गेला तर नाजूक पाकळ्या भाजतात. दहा इंचाचा ऑस्कर हातात तडफडला तर उरलेले खवले पण जातील. मी या माशाला हात लावणार नाही.

फुलेवाडी_राजू

एवढं करण्यापेक्षा रंकाळ्यात सोडून द्या की. आमच्या गल्लीत एकानं मोठा झालेला ऑस्कर सोडलेला. मोकळ्या पाण्यात आपोआप बरा होईल.

जुना_टँकवाला

राजू, असं कुणाला सांगू नकोस बाबा. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, शिकारी मासा. आपल्या तळ्यात सोडला तर जखमी असेल तो चार दिवसांत तडफडून मरतो, आणि जगला तर आपली स्थानिक पिल्लं खातो. टँकमधले रोग पण बरोबर जातात. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा लोकांनी असाच सोडत सोडत देशभरातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरवून ठेवलाय, जाळ्यात काटेरी सकर येतात आणि कोळ्यांची जाळी फाटतात. रंकाळ्याला आधीच सांडपाण्याचा आणि जलपर्णीचा त्रास कमी आहे का? आणि ज्या माणसाच्या हातनं तो इतकी वर्षं खातोय त्यांना हे सांगायचं कसं. मासा सांभाळणं झेपत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, तळ्यात नाही.

मंगळवारपेठकरीण

नाही नाही, सोडायचा प्रश्नच नाही.

टेस्ट किट आणलं राजारामपुरीतनं. अमोनिया ०.५ आलाय, नायट्राइट ०.२५, पीएच ७.८. म्हणजे सरांचा अंदाज खरा ठरला. आता कॅनिस्टर उघडून धुऊ का? आणि पाणी किती बदलू? नळाला तर आज चहासारखं पाणी आलंय, वास पण क्लोरीनचा भारी मारतोय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढत चाललीय, इशारा पातळी ३९ फूट आहे आणि आप्पा सारखं टीव्हीवर तेच बघतायत, २०१९ च्या पुरासारखं नळच बंद झाले तर काय करायचं म्हणून.

जुना_टँकवाला

आप्पांची काळजी बरोबर आहे. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहरात चहूकडं पूर असून प्यायला टँकर शोधत फिरायची वेळ आलेली, त्यात टँकचं पाणी कोण बघतो. पिंपात, ड्रममध्ये जेवढं जमेल तेवढं पाणी आजच भरून ठेवा. माशासाठी २०० लिटर बाजूला असलं तर बरेच दिवस निघतात.

गढूळ पाणी ड्रममध्ये भरा, रात्रभर राहू द्या, गाळ खाली बसला की वरचं वरचं पाणी पाइपनं काढा. तुरटी फिरवू नका, तिनं पीएच खाली जातो आणि जास्त झाली तर कल्ल्यांना वाईट. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं की क्लोरीन जास्त सोडतात, त्यामुळं अँटिक्लोरचे थेंब बाटलीवरच्या मापानं घाला, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन लगेच मारतं. नसेल तर ड्रममध्ये हवेचा दगड सोडून २४ तास ठेवा. बोअरचं पाणी पण रात्रभर हवा देऊनच वापरा, जमिनीतनं आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

बदलायचं रोज ५० लिटर, एकदम सगळं नाही. नवीन पाणी त्याच तापमानाचं, मीठ त्या ५० लिटरपुरतं. आणि नळ-बोअरचं प्रमाण रोज साधारण तेच ठेवा, आज सगळं नळाचं उद्या सगळं बोअरचं असं करू नका, पीएच खालीवर झाला तर बरा होत आलेला मासा परत बसेल.

कॅनिस्टर उघडा, पण मीडिया टँकमधनं काढलेल्या पाण्यातच हलक्या हातानं हलवून घ्या. नळाखाली धरलात तर उरलेले बॅक्टेरिया पण क्लोरीननं जातील.

इचलकरंजीकर

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या एंजल माशाला अंगभर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके आलेत, जखम नाही. त्याला पण हेच मीठ आणि २६ डिग्री का? टँकमध्ये कोरी कॅटफिश पण आहेत.

रत्नागिरी_रिटर्न

नाही, तुमचा आजार वेगळा आहे, तो इच, म्हणजे वर सांगितलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्यात हीटर दिवसाला एक-दोन डिग्री करत ३० वर न्या आणि हवा वाढवा. तो किडा माशाच्या कातडीत असताना औषधाला दाद देत नाही, तिथनं गळून तळाला जातो, फुटतो आणि शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार लगेच थांबवायचा नाही, पुढं आठवडाभर चालू ठेवायचा. तळाची वाळू रोज सायफननं ओढा, गळलेले किडे तिथंच असतात. कोरींना खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात, पण जास्त मीठ आणि औषध त्यांना सोसत नाही, लिटरला १ ग्रॅमवर जाऊ नका. वेगळा धागा काढा, फोटो टाका, तिथं सविस्तर लिहितो.

मंगळवारपेठकरीण

अपडेट देते. रोज पाणी बदलतोय, अमोनिया आता शून्य, नायट्राइट अगदी फिकट. ते धागे गेले, लोंबणारा खवला पण गळला. श्वास हळू झालाय आणि आज तो मधल्या पाण्यात आला. पण नवीनच भीती, जखमेच्या कडेनं काळं पडायला लागलंय, अगदी काळं, शाईसारखं. हे सडणं आहे का? आई तर रडायलाच लागली.

आणि अजून खात नाही. खाण्याच्या गोळ्या टाकल्या की तोंडात घेऊन बाहेर टाकतो. आप्पा म्हणतात जिवंत गप्पी किंवा छोटे गोल्डफिश आणू, त्याला हालचाल दिसली की खाईल. नाहीतर चिकनचा तुकडा?

रत्नागिरी_रिटर्न

आईंना सांगा रडू नका, हे भरण्याचं लक्षण आहे. नवीन कातडी तयार होताना रंगाच्या पेशी तिथं गोळा होतात आणि कड काळी दिसते, कित्येक माशांत होतं, पुढं फिकट होत जातं. सडत असतं तर कड भुसभुशीत, फाटकी, लाल किंवा पिवळी झाली असती आणि जखम मोठी होत गेली असती. तुमची लहान होतेय ना, बस.

जिवंत गोल्डफिश बिलकुल नको. दुकानातले ते मासे दाटीत ठेवलेले असतात, रोग घेऊनच येतात, आणि गोल्डफिशमध्ये बी१ जीवनसत्त्व नासवणारं एन्झाइम असतं, सारखे खायला दिले तर मासा आतनं खंगतो. चिकनची चरबी त्याला पचत नाही. एवढ्या मोठ्या निरोगी ऑस्करनं आठवडा-दहा दिवस खाल्लं नाही तरी काही होत नाही, उलट कमी खाणं म्हणजे कमी अमोनिया. तोंडात घेऊन टाकतोय म्हणजे इच्छा झालीय. टाकलेल्या गोळ्या तेवढ्या लगेच काढत जा.

जुना_टँकवाला

आप्पांना सांगा, गांडूळ. पावसात परसात, कुंडीखाली हवी तेवढी सापडतात. खत-औषध मारलेल्या शेतातली नकोत. पाण्यात चांगली धुवायची, थोडा वेळ ओल्या फडक्यात ठेवायची म्हणजे आतली माती टाकतात, आणि एकच द्यायचं, आप्पांनीच हातानं. मी आजारी सिक्लिडला, म्हणजे ऑस्करच्या कुळातल्या माशाला खायला लावायला दुसरं काही वापरत नाही.

मंगळवारपेठकरीण

खाल्लं!!! आप्पांनी गांडूळ पाण्याला टेकवलं, वाघ्या जरा मागं सरकला, बघितलं, आणि एकदम झडप. आप्पांनी शेजारपाजारच्यांना बोलवून सांगितलं. दुसरं पण मागत होता पण नाही दिलं.

डोळा अजून थोडा धुरकट आहे पण मध्ये बुबुळ दिसायला लागलंय. जखमेवर पातळ चकचकीत कातडी आलीय, खवले नाहीत अजून. मीठ किती दिवस ठेवायचं? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू? लाइटचा तर भरवसा नाही.

जुना_टँकवाला

वाचून फार बरं वाटलं.

मीठ एकदम काढायचं नाही. जखमेवर सगळीकडं कातडी आली की पुढच्या पाणी बदलांत नवीन मीठ घालायचं बंद, आपोआप पातळ होत जाईल. आता रोज बदलायची गरज नाही, आठवड्यातनं दोनदा ५० लिटर, अमोनिया परत दिसला तर पुन्हा रोज.

दगडांपैकी धारदार आहे तो काढूनच टाका, गुळगुळीत नदीतला गोटा ठेवा आणि तो काचेपासनं लांब, म्हणजे मासा मध्ये अडकणार नाही. हीटरला जाळीचं कव्हर मिळतं ते लावा, मोठा ऑस्कर हीटर फोडतो पण आणि चिकटून भाजतो पण. टँकचा लाइट टायमरवर घ्या, किंवा लाइट जाऊन आली की बटण बंदच राहील असं ठेवा, आणि खोलीतला दिवा आधी लावून मग थोड्या वेळानं टँकचा लावायचा. अंधारात एकदम उजेड पडला की तो दर वेळी उधळणार, तो त्याचा स्वभाव आहे. वर झाकणाला वजन ठेवा, उधळला की उडी पण मारतो.

रत्नागिरी_रिटर्न

आणि चार्जिंगचा एअर पंप घ्या, लाइट गेली की आपोआप चालू होणारा मिळतो. तो टँकपुरता. कॅनिस्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर मीडिया बाहेर काढून टँकमध्येच हवेच्या दगडाजवळ जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा, बॅक्टेरिया जगतात. लाइट आल्यावर कॅनिस्टरमधलं साठलेलं पाणी ओतून द्यायचं, मीडिया परत आत, मगच पंप चालू. पंप नसेल आणि रात्रीच लाइट गेली तर तांब्यानं पाणी काढून फूटभर उंचीवरनं परत ओतत राहायचं, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं, तेवढ्यानं पण रात्र निघते.

मंगळवारपेठकरीण

पंपाची चौकशी उद्याच करते. तांब्याचं आप्पांना सांगितलं, ते म्हणाले मी बसतो.